गंधाचं बोट आणि उंदराचा कान

बडोद्यात अकोट्याच्या बाजूला जाऊन कारखानीसांचं घर विचारलंत, तर लोक उलट तुम्हालाच विचारतात, "कोणते कारखानीस? उंदीरवाले का?" यात कुचेष्टा नाही हं, कौतुकच आहे. मुकुंद कारखानीसांचे पणजोबा संस्थानच्या हत्तीखान्यावर होते. आजोबा पागेतल्या घोड्यांची निगा राखायचे. वडील गुरांच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचे केसपेपर लिहिता लिहिता निवृत्त झाले. आणि मुकुंदराव पादरा गावाच्या रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत उंदीर आणि गिनीपिग सांभाळत आले. "घराण्याची प्रगती बघा," ते स्वतःच हसत सांगतात. "हत्तीवरून घसरत घसरत उंदरापर्यंत आलो. पोरगी बँकेत लागली म्हणून वाचलो, नाहीतर आता मुंग्यांची पाळी होती."

आता तुम्ही नाक मुरडायच्या आधी ही प्रयोगशाळा करते काय ते ऐका. केसांचा कलप, शाम्पू, चपला चिकटवायचा गोंद, कापडाचा रंग, असलं काहीही बाजारात यायच्या आधी बघावं लागतं, की त्यानं माणसाच्या कातडीला अ‍ॅलर्जी होते का. अ‍ॅलर्जी मोठी लबाड असते. पहिल्या भेटीत ती काही दाखवत नाही. शरीर त्या रसायनाची गुपचूप ओळख करून ठेवतं, आणि मग पुन्हा ते लागलं की सुरू! खाज, लाली, पुरळ. कारखान्यात रोज त्या गोंदात हात घालणाऱ्या बाईला हे भोगायला लागू नये म्हणून आधी जनावरावर तपासायचं.

तपासायची जुनी रीत गिनीपिगवरची. आधी रसायन टोचायचं. त्याच्या जोडीला आणखी एक तेलकट औषध टोचायचं, म्हणजे शरीर चांगलं खवळतं. त्या टोचल्या जागी हमखास जखमा व्हायच्या. मग दोन-तीन आठवडे थांबून कुशीवरचे केस काढायचे, तेच रसायन पट्टीनं लावायचं, आणि कातडी किती लाल झाली ते नुसत्या डोळ्यांनी बघून आकडा द्यायचा. काही नाही म्हणजे शून्य. तुरळक लाली म्हणजे एक. सलग लाली म्हणजे दोन. भडक लाली आणि वर सूज म्हणजे तीन.

हे आकडे देण्यात मुकुंदरावांचा हात धरणारं अख्ख्या गुजरातेत कुणी नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी लाली बघितली. इतकी बघितली की डोळ्यांना ते व्यसनच जडलं. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या माणसाच्या मानेवर कॉलर घासलेली दिसली की हे मनात म्हणणार, "दीड." लग्नात नवरीच्या गालावर मेकअप जास्त झाला की बायकोच्या कानात कुजबुजणार, "नीरू, अडीच आहे बघ." त्यांची बायको निरुपमा मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. ती डोळे वटारून म्हणायची, "मार्क द्यायचं काम माझं होतं. तुम्ही जेवा गप."

मुकुंदरावांची दुसरी खासियत म्हणजे हळद. खरी हळद नव्हे. पिंजऱ्यातली जनावरं दिसायला सगळी एका छापाची, म्हणून ओळखीसाठी पिक्रिक नावाच्या पिवळ्याधमक रंगाचा ठिपका लावतात. पाचाच्या गटात पहिलं कोरं ठेवायचं. दुसऱ्याच्या कपाळावर ठिपका, तिसऱ्याच्या पाठीवर, चौथ्याच्या शेपटीवर आणि पाचव्याच्या कपाळावर नि शेपटीवर दोन्हीकडे. नियम असा की हातमोजे घालावेत आणि कापसाच्या बोळ्यानं इवलासा ठिपका द्यावा. मुकुंदराव बाकी सगळे नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचे, पण इथं मात्र उजव्या हाताचा मोजा काढायचे आणि अनामिका रंगात बुडवून कपाळावर ऐसपैस टिळा ओढायचे. सकाळी देवाला गंध लावायचं तेच बोट. कुणी हटकलं तर म्हणायचे, "अरे, जीव आहे तो! त्याला कापसानं काय पुसायचंय? गंध बोटानंच लावतात." प्राणिघरात सगळे मग याला हळद म्हणू लागले, आणि घरी आल्यावर पिवळं बोट नाचवत मुकुंदराव सांगायचे, "आज पंचवीस नवऱ्यांना हळद लावून आलो!"

त्या बोटाला गेली तीन-चार वर्षं खाज सुटायची. लाल व्हायचं, सालपटं निघायची. मुकुंदरावांनी कधी साबणाला दोष दिला, कधी थंडीला, कधी घरात येणाऱ्या सुरणाला. निरुपमाबाई खोबरेल लावून लावून कंटाळल्या. "कातडीच्या डॉक्टरांना दाखवा," त्या म्हणायच्या. "मला?" मुकुंदराव छाती फुगवायचे. "अगं, कातडी बघण्यात माझा जन्म गेला!"

आणि तिसरं, म्हणजे खरं तर पहिलं, गिनीपिग. मुकुंदरावांचा त्यांच्यावर जीव होता. चार नंबरच्या खोलीबाहेर त्यांची पावलं वाजली की आत तीस गळे एकदम शिट्ट्या घालायचे, कारण साहेबांच्या हातात रजको असायचा. रजको म्हणजे लसूणघास, बडोद्यात सगळे रजकोच म्हणतात. एकेकाला काडी भरवत ते मराठीतून विचारपूस करायचे. आणि ज्या दिवशी त्याच जनावरांना ते तेलकट औषध टोचायचं असे, त्या दिवशी मुकुंदराव धरायला स्वतः उभे राहायचे, दुसऱ्या कुणाला धरू द्यायचे नाहीत. त्या दिवशी ते डबा खायचे नाहीत. निरुपमाबाई डबा उघडून बघायच्या आणि काही विचारायच्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात फतेगंजची उत्कर्षा प्रयोगशाळेत लागली. सव्वीस वर्षांची, विद्यापीठातून शिकून आलेली, बोलायला लागली की मराठी, गुजराती, इंग्रजीची अशी भेळ करायची की ऐकणाऱ्यानं निवडत बसावं. तिनं आल्याआल्या टुमणं लावलं, की गिनीपिगची रीत बंद करून उंदराच्या कानाची रीत आणू. बाहेर ती कितीतरी वर्षं चालते, आपणच मागे. उंदराच्या कानावर तीन दिवस तेलात कालवलेल्या रसायनाचा थेंब लावायचा. अ‍ॅलर्जी होणार असेल तर कानाजवळच्या मानेतल्या गाठी कामाला लागतात, त्यांतल्या पेशी भराभर वाढतात. सहाव्या दिवशी त्या गाठी काढून यंत्रावर आकडा घ्यायचा. नुसतं तेल लावलेल्या कोऱ्या गटाच्या, म्हणजे कंट्रोलच्या, आकड्याशी तो ताडून बघायचा, की झालं.

"म्हणजे जनावर वाचत नाही," मुकुंदराव म्हणाले. ते असल्या बाबतीत स्वतःची समजूत काढत नसत.

"नाही वाचत काका," उत्कर्षा म्हणाली. "पण कमी लागतात, आणि सहा दिवसांत संपतं. ते तेलकट इंजेक्शन नाही, जखमा नाहीत. आणि कोण किती लाल ते डोळ्यांनी बघायचं नाही, यंत्र सांगतं."

प्राणिघरातल्या लोकांना वाटलं, आता म्हातारा भडकणार. पोरगी सरळ त्याच्या डोळ्यालाच निवृत्त करायला निघाली होती! मुकुंदरावांना क्षणभर टोचलंही, उगाच खोटं कशाला सांगू. पण त्यांना डबा आठवला. ते म्हणाले, "माझा डोळा एकतीस जानेवारीला घरी जातोच आहे. त्याच्या आत ही तुझी रीत लागू कर. चार नंबरमधल्या तिसांना ते इंजेक्शन न देता मला घरी जायचंय. एवढं झालं ना, तर तुला घरी बोलावून श्रीखंड खायला घालीन."

संचालक मयंकभाईंना पटवायला सहा महिने गेले. माणूस चांगला, पण सावध. म्हणाले, आधी ओळखीच्या रसायनांवर करून दाखवा. नक्की अ‍ॅलर्जी करतं असं जे सौम्य रसायन आपल्याला माहीत आहे, ते या रीतीनं पकडलं गेलं पाहिजे. मग मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ठेवू.

डिसेंबरात पहिली चाचणी झाली, आणि पार फसली. नुसतं तेल लावलेल्या कोऱ्या गटाचाच आकडा वर! आता कोराच गट वर गेला तर त्याच्याशी ताडून बघायचं काय? ते सौम्य रसायन साळसूदपणे निसटून गेलं, निर्दोष ठरलं. उत्कर्षानं तेल बदललं, पिपेट बदलली, स्वतः उंदरांच्या कानावर थेंब सोडला. जानेवारीच्या सुरुवातीला दुसरी चाचणी झाली. पुन्हा तेच.

मयंकभाईंनी तिला बोलावलं. मुकुंदराव तिथंच उभे होते. "बेटा, रीत खराब नहीं होगी, हाथ कच्चा होगा," मयंकभाई शांतपणे म्हणाले. "एक चान्स और. महिनाअखेर आकडे बरोबर आले तर ठीक. नाहीतर नव्या कलपाचं काम तीन फेब्रुवारीला गिनीपिगवर सुरू."

उत्कर्षा बाहेर आली ती सरळ रजकोच्या टोपलीपाशी जाऊन रडली. गिनीपिग आतून शिट्ट्या घालत होते, त्यांना काय कळतंय. मुकुंदरावांनी तिला पाणी दिलं. "एकेका उंदराचा आकडा आहे का तुझ्याकडे, नुसती सरासरी नको," त्यांनी विचारलं. तिनं डोळे पुसत एक कागद दिला. ते काका आहेत, बघतील, म्हणून दिला इतकंच.

कोऱ्या गटातल्या पाच माद्यांपैकी तीन ठीक होत्या. दोन नंबर आणि पाच नंबर वर. पहिल्या चाचणीतही दोन आणि पाच, दुसरीतही दोन आणि पाच. मुकुंदरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. कागदावरचे आकडे उत्कर्षाच्या खात्यातले, टिळे त्यांच्या खात्यातले. दोन्हींची सांगड घालायची आजवर कधी वेळच आली नव्हती.

मग उतरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत. उतरायणात बडोद्यात कामाची गोष्ट काढणारा माणूस वेडाच म्हणायचा. मुकुंदराव शिल्लक रजा घेऊन सहा दिवस घरी होते. गच्चीवर उंधियू, जिलबी, चिक्की, भोंग्यावर गाणी, आणि साठीला टेकलेले मुकुंदराव मांज्यानं कापू नये म्हणून बोटांना पट्ट्या गुंडाळून पतंग उडवतायत. एक पतंग काटला तेव्हा "काप्यो छे!" म्हणून ते असे ओरडले, की शेजारच्या गच्चीवरच्या आजी दचकल्या. सहाव्या दिवशी निरुपमाबाईंनी पट्ट्या सोडवल्या आणि म्हणाल्या, "अय्या, बोट बघा! छान बरं झालंय."

"पतंगाचा गुण!" मुकुंदराव म्हणाले.

"पतंगाचा कसला! सुट्टीचा गुण. दिवाळीतही असंच झालं होतं."

मुकुंदरावांनी हसून सोडून दिलं. शुक्रवारी ते कामावर गेले. तिसऱ्या चाचणीचे उंदीर तयार होते. त्यांनी मोजा काढला, अनामिका रंगात बुडवली आणि यावेळी शेवटची हळद म्हणून जरा जास्तच ऐसपैस टिळे ओढले. मनातल्या मनात मंगलाष्टकाची एक ओळही म्हटली.

रविवारी सकाळी ते पूजेला बसले. गंध उगाळलं, अनामिका बुडवली आणि हाय्य करून हात मागे घेतला. बोट चरचरत होतं. लालभडक झालं होतं, सालं सुटायला लागली होती. निरुपमाबाईंनी त्यांचा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि नवऱ्याच्याच थाटात म्हणाल्या, "दोन. नाही, अडीच!"

मुकुंदराव हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच थांबलं. त्यांनी आपल्या बोटाकडे असं बघितलं, जसं एकतीस वर्षं गिनीपिगच्या कुशीकडे बघत आले होते. पहिल्यांदा लागतं तेव्हा काही होत नाही. मग शरीर ओळख ठेवतं. लांब राहिलं की बरं होतं, पुन्हा लागलं की दोन दिवसांत लाली. हा धडा त्यांनी स्वतः शंभर नव्या पोरांना शिकवला होता! रंग शुक्रवारी लागला. आज रविवार.

"नीरू, माझ्या सदऱ्याच्या खिशातला कागद आण."

दोन आणि पाच. कपाळावर टिळा असलेल्या. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. उंदीर दिवसभर तोंड धुतो. पंजे चाटतो आणि कपाळावरून, कानामागून फिरवतो. हजारो वेळा बघितलेलं. कपाळावरचा तो ऐसपैस टिळा बिचाऱ्या दिवसभर आपल्याच हातानं आपल्याच कानांना फासत होत्या. तेल नडलं नव्हतं, उत्कर्षाचा हातही नडला नव्हता. नडलं होतं कारखानीसांचं गंधाचं बोट. गिनीपिगच्या वेळी ते कधी नडलं नाही, कारण बघायची ती कूस, आणि टिळा लांब कपाळावर. नवी रीत कानावरची होती आणि हळद मात्र जुनीच चालली होती.

निरुपमाबाईंनी काय झालं विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"मग उद्या सांगा की," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा जरासा उतरला. "अहो, पण ती पाटी..."

पाटीचं असं होतं. निरोप समारंभासाठी मयंकभाईंनी मांडवीतल्या कोरीवकाम करणाऱ्याकडे पितळी पाटी टाकली होती, आणि मराठीतला मजकूर मुद्दाम निरुपमाबाईंकडून लिहून घेतला होता. 'मुकुंद कारखानीस. एकतीस वर्षे, एकही चूक नाही.' हे मुकुंदरावांना कळू द्यायचं नव्हतं, पण निरुपमाबाईंच्या पोटात काही राहत असतं तर ना! प्रयोगशाळेत चूक-नोंदीचं एक लाल रजिस्टर असतं. त्यात मुकुंदरावांच्या नावाचं पान एकतीस वर्षं कोरं होतं. नव्या पोरांना दाखवायला ते पान उघडलं जायचं, आणि मुकुंदराव कुणाचं लक्ष नसताना स्वतःही ते उघडून बघायचे.

म्हणजे आता बारा दिवस उरलेले असताना त्या पानावर आपल्याच हातानं लिहायचं. हातमोजे घातले नाहीत. कापूस वापरला नाही. दोन चाचण्या वाया घालवल्या. मुकुंदरावांना वाईट वाटलं, फार वाटलं. दुपारी वरण-भात त्यांनी नुसता चिवडला.

सोमवारी सकाळी त्यांनी उत्कर्षाला गाठून सगळं सांगितलं. ती आधी त्यांच्या बोटाकडे बघत राहिली, मग कागदाकडे, आणि मग अशी किंचाळली की पलीकडच्या खोलीत गिनीपिगांनी शिट्ट्या सुरू केल्या. "काका! तुम्हीच कंट्रोल बिघडवला! तुम्ही!" ती हसत होती आणि रडत होती. "रागावले असते ना मी, पण इतका आनंद झालाय की रागच येत नाहीये."

मयंकभाईंनी मात्र दार लावून घेतलं. मुकुंदरावांना खुर्ची दिली. "मुकुंदभाई, कोने खबर पडे? कुणाला कळतंय? चुपचाप रंग बदली नाखो. दहा दिवस राहिलेत तुमचे. इज्जतीत जा." माणसानं हे प्रेमापोटी म्हटलं, हे सांगायला हवं. पाटी त्यांच्या टेबलाखालीच होती.

मुकुंदरावांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "आणि आधीच्या दोन चाचण्या का फसल्या, तिथं काय लिहाल? पोरीचा हात कच्चा? साहेब, तिची तर नोकरी आत्ता सुरू झालीय. आणि समितीनं विचारलं की आकडे एकदम कसे सुधारले, तर सांगणार काय? कारण लिहिलं नाही तर रीतच मान्य होणार नाही. मग ते तीस आहेतच इंजेक्शनला." आणि त्यांनी लाल रजिस्टर मागितलं. आपल्या कोऱ्या पानावर वळणदार अक्षरात अर्धं पान लिहिलं आणि खाली सही केली. लिहिताना बोट चरचरत होतं.

उत्कर्षानं मग झकास डोकं चालवलं. टिळेवाले उंदीर बाजूला काढले, आणि प्राणिघरातल्याच बिनरंगाच्या माद्या घेतल्या. ओळखीला शेपटीवर साध्या पेनाच्या रेघा: एक, दोन, तीन, चार, पाच. रेघा पुसट व्हायच्या, म्हणून मुकुंदराव रोज सकाळी दोन्ही हातांत मोजे घालून त्या पुन्हा ओढायचे. कोरे गट दोन केले. एकाला नुसतं तेल. दुसऱ्याला नुसतं तेल आणि कपाळावर पिवळा टिळा. हा टिळाही मुकुंदरावांनीच लावला, कापसाच्या बोळ्यानं. "आयुष्यात पहिल्यांदा नियमानं हळद लावतोय," ते म्हणाले, "आणि तीही मुद्दाम चूक करायला!"

बुधवारी कानावर पहिला थेंब पडला. पुढचे सात दिवस मुकुंदरावांचं कशात लक्ष लागेना. बसमध्ये समोरच्याच्या मानेवर चांगली दोनची लाली होती, तरी त्यांनी आकडा दिला नाही. रजको मात्र त्यांनी रोज जास्त नेला. चार नंबरमधले तीस मजेत होते, वजनानं वाढत होते, आणि त्याच वजनावर तीन तारखेच्या इंजेक्शनचं माप ठरणार होतं.

एकोणतीस तारखेला दुपारी यंत्रातून आकडे निघाले. उत्कर्षा धावत आली, बुटांवरची प्लास्टिकची आवरणं तशीच. टिळ्याचा गट वर. नुसत्या तेलाचा गट खाली, अगदी शिस्तीत खाली. आणि डिसेंबरपासून दोनदा साळसूदपणे निसटलेलं ते सौम्य रसायन या वेळी बरोब्बर पकडलं गेलं होतं. "काका, धरला चोर!" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी समिती बसली. एका सदस्यानं विचारलं, आधीच्या चुकीचं कारण कुठं आहे? मयंकभाईंनी लाल रजिस्टर पुढे सरकवलं. सदस्यांनी ते दोनदा वाचलं, आणि सह्या झाल्या. कलपाचं काम उंदराच्या कानावर जाणार होतं. पुढे गिनीपिगची रीत बंद. चार नंबरमधल्या तिसांना प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या शेतावर सोडायचं ठरलं.

मुकुंदराव खोलीत गेले तेव्हा नेहमीसारखा शिट्ट्यांचा गदारोळ उठला. ते काडी काडी भरवत राहिले. "तुमचं इंजेक्शन रद्द," त्यांनी मराठीतून सांगितलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी कोपरानं पुसलं, कारण हातांत मोजे होते. उत्कर्षा दारातून म्हणाली, "काका, पुढची पायरी आणखी भारी आहे. बशीत वाढवलेल्या माणसाच्या कातडीच्या पेशी. उंदीरही नकोत." मुकुंदराव म्हणाले, "म्हणजे उंदरांचीपण नोकरी जाणार! छान. कर लवकर. श्रीखंड दुसऱ्यांदा खायला घालीन." त्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा घरी आला, आणि निरुपमाबाईंनी तो उघडून बघितला.

एकतीस तारखेच्या समारंभात हार झाले, भाषणं झाली, समोसे झाले. मग मयंकभाईंनी पाटी काढली आणि मुकुंदरावांनी मान खाली घातली. वाचून दाखवायला मयंकभाईंनी निरुपमाबाईंनाच पुढे बोलावलं. निरुपमाबाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचत तशा खणखणीत आवाजात वाचलं, "मुकुंद कारखानीस. एकतीस वर्षे, एक चूक. तीही त्यांनीच शोधली."

मुकुंदरावांनी चमकून वर बघितलं. मांडवीच्या त्या कारागिराकडे आठवडाभर हेलपाटे घालून निरुपमाबाईंनी जुनी अक्षरं घासून नवी कोरून घेतली होती, आणि या खेपेला त्यांच्या पोटात ते राहिलंही होतं. आधी उत्कर्षानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. मयंकभाई सगळ्यांत जोरात.

महिनाभरानं एका सकाळी मुकुंदराव पूजेला बसले. गंध उगाळून झालं, तसा निरुपमाबाईंनी त्यांचा उजवा हात ओढून खिडकीच्या उजेडात धरला. अनामिका उलटसुलट करून बघितली, नखाच्या कडेनं, पेराच्या घडीतून, अगदी निवांत. तीस वर्षं शाळेत कुणाला शून्य द्यायचं म्हटलं की या बाईचा जीव तुटायचा. आज त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि खुदकन हसल्या.

"शून्य," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी ते बोट गंधात बुडवलं आणि देवाला लावलं. बोट जराही चरचरलं नाही.